मास्तरीणबाईंच्या दंडावरच्या सात खुणा

१

सोमवारी सकाळी अंग पुसताना मास्तरीणबाईंच्या डाव्या दंडावर सात खुणा सापडल्या. जांभळ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, आणि प्रत्येकीच्या कडेला नखाचा बारीक अर्धा गोल. सोमवारच्या पाळीला अंग पुसणाऱ्या मुलीला आम्ही चष्मेवाली म्हणतो. तिने टॉवेल बादलीत टाकला आणि खुणा पुन्हा एकदा मोजल्या.

"बाई, हे कुणी केलं?"

मास्तरीणबाई छताकडे बघत म्हणाल्या, "सावकाश चिमटे काढते."

चष्मेवालीला क्षणभर उलगडा होईना. सावकाश हे आमच्या वृद्धाश्रमातल्या सगळ्यात जुन्या सेविकेचं टोपणनाव. कुणालाही उचलताना ती "सावकाश, घाई नाही" म्हणते, म्हणून ते पडलं. अकरा वर्षांत तिच्या हातून कुणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. आणि त्याच शुक्रवारी ती नोकरी सोडून चालली होती.

मी तळमजल्यावर नऊ नंबरच्या खोलीत राहतो. पस्तीस वर्षं विम्याच्या कंपनीत खोटे दावे पकडले. मग एका अपघातात पाठीचा कणा गेला. हात शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे, कमरेखाली काही नाही. खुर्चीत बसलो की कुठेही फिरतो, पण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर दुसऱ्या कुणीतरी न्यावं लागतं. ब्याण्णव किलो. गेली सहा वर्षं हे वजन सावकाश उचलत होती.

तिच्या कमरेचे दोन मणके सरकले होते. अजून सहा महिने हातांनी माणसं उचललीस तर तूच पलंगावर पडशील, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेत माणसं उचलायचं यंत्र होतं आणि एका सेविकेकडे सहाच जण. आमच्याकडे अकरा. त्या वर्षात आमच्या सात सेविका सोडून गेल्या. निरोपाला प्रत्येकीला फुलं मिळाली. का चाललीस, हे एकीलाही कुणी विचारलं नाही.

दुपारी बारापर्यंत सगळ्या इमारतीत बातमी झाली होती. सव्वाबाराला मॅडमनी सावकाशला ऑफिसात बोलावलं.

२

मॅडम म्हणजे आमच्या व्यवस्थापिका. आवाज कधी चढत नाही. स्वतः सेविका म्हणून लागल्या आणि वर चढत गेल्या, त्यामुळे कुणाची कंबर कधी मोडेल याचा त्यांना बरोबर अंदाज असतो.

"चौकशी संपेपर्यंत तुला सोडल्याचं पत्र देता येणार नाही," त्या सावकाशला म्हणाल्या. "नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

"पण मॅडम, शनिवारी मला तिकडे हजर व्हायचंय. पत्राशिवाय ते घेणार नाहीत. शनिवारनंतर जागा ठेवणार नाहीत म्हणालेत."

"मग चौकशी लवकर संपो, अशी आशा करू या. तोपर्यंत बाईंच्या खोलीत जायचं नाही. बाकीचे दहा जण तुझ्याकडेच राहतील."

हे मला चष्मेवालीने सांगितलं. शेवटचं वाक्य ऐकून माझे कान टवकारले. जिच्यावर म्हाताऱ्या बाईला चिमटे काढल्याचा आरोप, तिच्याच हाती आणखी दहा म्हातारी माणसं? खरंच संशय असता तर मॅडमनी तिला फाटकाबाहेर उभं केलं असतं.

संध्याकाळी संस्थेच्या विश्वस्तांचा फोन आला. सभ्य गृहस्थ. महिन्यातून एकदा येतात आणि झाडांची चौकशी करून जातात.

"तुम्ही आयुष्यभर खोटं पकडलंत," ते म्हणाले. "जरा बघा ना. पोलीस वगैरे नकोत. मी रविवारी येतोच आहे. त्याआधी उलगडलं तर फोन करा, मी पत्र द्यायला सांगेन."

म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते. आणि तिचं पत्र माझ्या एका फोनवर अडलं होतं.

३

मंगळवारी सकाळी सावकाश मला उचलायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने चादरीचं टोक मुठीत धरलं, एक गुडघा पलंगाला टेकवला, श्वास घेतला आणि मला अलगद खुर्चीत सरकवलं. मग भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिली. सेविकांना आमच्याकडे बसायला खुर्ची नाही.

"रविवारी बाईंकडे तूच होतीस?" मी विचारलं.

"मीच. सकाळी अंग पुसलं तेव्हा दंड स्वच्छ होता. पुसताना दिसतंच की. रात्री आठला घरी गेले."

"त्यांच्याशी काही वाजलं होतं?"

"नाही हो काका. मी चालले हे कळलं तेव्हा रडल्या. मग बोलेनाशा झाल्या. एवढंच."

"तुझे हात दाखव."

तिने दोन्ही पंजे पुढे केले. कातडी साबणाने सोललेली, नखं मांसापर्यंत कापलेली. त्या बोटांनी कागदावरसुद्धा ओरखडा उठला नसता.

"काका," ती म्हणाली, "माझं नाव गेलं तर मला कुठेच काम मिळणार नाही. हे एकच काम येतं मला."

तिच्यापाठोपाठ मी मास्तरीणबाईंच्या खोलीपर्यंत गेलो. ती अर्थात बाहेरच थांबली, मी आत गेलो. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली, पण नजर अजून वर्गावर फिरल्यासारखी फिरते. डावा हात उशीवर ठेवलेला, बोटं आत वळलेली, नखं वाढलेली. उजवा हात पोटावर, नखं अगदी बारीक कापलेली.

"मला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "जे सांगायचं ते सांगून झालंय."

मी खुर्ची वळवली. दारातून बाहेर पडताना त्यांचा मुलगा समोरून येताना दिसला, आणि मला बघून तो चक्क मागे फिरला.

४

चाकांच्या खुर्चीतला माणूस इमारतीच्या दारात आडवा थांबला की कुणाला पळता येत नाही.

"मी काही केलेलं नाही," मुलगा आपणहून म्हणाला.

"मग पळत का होतात?"

चाळिशीचा माणूस. बोलता बोलता नखं कुरतडत होता. रविवारी दुपारी तो तासभर आईजवळ दार लावून बसला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मी तिला परगावी बदली झाल्याचं सांगत होतो. आता महिन्यातून एकदाच येता येईल म्हटलं. ती म्हणाली, ती सावकाशही चालली आणि तूही. मी त्या ताईंना हात जोडले होते, सहा महिने थांबा म्हणून. त्या म्हणाल्या, कंबर थांबत नाही." तो खाली बघू लागला. "आज आईला तोंड दाखवायची लाज वाटली. खरं सांगू? आरोप झाला हे ऐकून मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, आता त्यांना थांबावं लागेल."

त्याला हवं ते झालं होतं. पण त्याची दहाही नखं कुरतडून आत गेली होती. नखाचा अर्धा गोल त्याच्या बोटांतून उमटणं शक्य नव्हतं.

नखं होती ती मॅडमना. गुलाबी रंगाची, नीट घासलेली. ऑफिसात त्यांनी मला चहा दिला.

"रविवारी तुमची सुट्टी असते ना?" मी विचारलं.

"असते."

"पण संध्याकाळी तुम्ही बाईंच्या खोलीत होतात. चष्मेवालीने तुमची चप्पल दाराशी पाहिली."

मॅडमनी कप खाली ठेवला. जराही गडबडल्या नाहीत. "दहा मिनिटं बसले. बाई रडत होत्या. धीर दिला. त्यासाठी मला परवानगी लागते का, काका?"

"काय बोललात?"

"जे कुणीही बोललं असतं ते," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगू? आता आठवी बाई गेली तर विश्वस्त माझ्या जागी दुसरं कुणी बघणार आहेत. तसं त्यांनी मला लेखी कळवलंय. तेव्हा तुम्ही तुमचा तपास नीट करा, पण आपण सगळे एकाच होडीत आहोत, हे ध्यानात असू द्या."

५

बुधवारी सकाळी सावकाश माझी दाढी करत होती, तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "बाईंची नखं कोण कापतं?"

"मीच, दर रविवारी. पण गेले दोन रविवार कापू दिली नाहीत. राहू दे म्हणाल्या."

"मग उजव्या हाताची आता कुणी कापली?"

तिला ठाऊक नव्हतं. मी चष्मेवालीला गाठलं. ती पायऱ्यांवर बसून पाव खात होती. जेवायची सुट्टी अशी नसतेच.

"मी कापली," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी. अंग पुसायच्या आधी त्याच म्हणाल्या, कापून दे. डाव्या हाताची कापायला घेतली तर म्हणाल्या, राहू दे, उजव्याचीच काप."

"अंग पुसायच्या आधी? नक्की?"

"हो. नखं गोळा करून टाकली, मग पाणी आणलं, मग खुणा दिसल्या."

मी तिथेच थांबलो. विम्याच्या कामात एक गोष्ट शिकलो होतो: आग कशी लागली हे विचारण्याआधी काय जळलं नाही ते बघायचं. बाईंचा उजवा दंड स्वच्छ होता. मांड्या, पोट, मान, सगळं स्वच्छ. सातही खुणा डाव्या दंडावर, जिथे चार वर्षं काही लागत नाही. दुष्ट माणसाला दुखवायचं असतं. तो दुखेल अशी जागा शोधतो. आणि बाईंची डावी बाजू गेलेली आहे, हे सावकाशइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. मग हा चिमटे काढणारा असा कसा, की ज्याला खुणा हव्या होत्या आणि वेदना नको होती?

दुपारी चहाच्या वेळी मी बाईंच्या खोलीत गेलो. माझा कप भरलेला होता, वाफ येत होती.

"फार दुखलं का हो?" मी विचारलं.

"फार," त्या म्हणाल्या. "डोळ्यांतून पाणी आलं."

मी कप त्यांच्या डाव्या मनगटाला टेकवला आणि तसाच धरून ठेवला. बाई माझ्या तोंडाकडे बघत बोलत राहिल्या. सावकाश कशी चिमटा काढते, कशी दात खाते. त्यांच्या मनगटाची कातडी लाल व्हायला लागली, तरी त्या बोलतच होत्या.

मग त्यांची नजर खाली गेली.

६

हे मी करायला नको होतं. आजही त्या लाल डागाची मला लाज वाटते. पण त्या ओरडल्या नाहीत. मनगटाकडे बघत राहिल्या. चोरून लिहिलेलं उत्तर हाती लागल्यावर मुलाकडे बघावं तसं.

"हुशार आहात," त्या म्हणाल्या.

"नियम कुणी सांगितला? चौकशी लागली की पत्र अडतं, हा?"

"मॅडमनी. माझ्या उशाशी बसून. म्हणाल्या, बाई, तिला थांबवायचं माझ्या हातात नाही. तक्रार वगैरे असती तर गोष्ट वेगळी. चौकशी संपेपर्यंत कुणाला जाता येत नाही. मग माझं पांघरूण सारखं केलं आणि गेल्या." त्यांनी डोळे मिटले. "मी गणिताची बाई. एवढ्यावरून पुढचं उदाहरण सोडवता येतं मला."

"नखं मात्र तुम्ही दोन आठवडे आधीपासून वाढवत होतात."

"ती जाणार हे कळलं, तेव्हापासून मला काही सुचत नव्हतं. आधी वाटलं, स्वतःला ओरबाडून घ्यावं, म्हणजे ती माझ्यापाशी बसेल. पुढचं मॅडमनी सुचवलं."

"त्या बाईचं आयुष्य बरबाद होईल."

"मला ठाऊक आहे. माझ्याकडे तिच्याआधी एक होती. मला गोणीसारखी वळवायची. माझं खांद्याचं हाड मोडलं, ते तिला तीन दिवसांनी कळलं. एकदा सकाळपासून दुपारपर्यंत ओली ठेवली. मी हाक मारत होते. पहिल्यांदा नावाने, मग नुसती." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "मी वाईट बाई नाही. मी घाबरले आहे."

मी खुर्ची दाराकडे वळवली.

"सांगा, खुशाल सांगा विश्वस्तांना," मागून त्या म्हणाल्या. "फक्त आधी एका गोष्टीचा विचार करा. शनिवारपासून तुम्हाला कोण उचलणार?"

७

खोलीत येऊन मी फोन हातात घेतला. विश्वस्तांचा नंबर लावला. एक रिंग वाजली आणि मी फोन ठेवून दिला.

स्वतःला कारणं द्यायला मी पटाईत आहे. म्हटलं, तोंडी कबुली काय कामाची. म्हटलं, मॅडमविरुद्ध पुरावा पक्का करावा. पुरावा पक्काच होता. उणा होता तो मी.

गुरुवारी सावकाशने मला अंघोळ घातली. शुक्रवारी संध्याकाळी निघताना ती दारात थांबली.

"काका, काही हाती लागतंय का?"

"अजून जुळत नाही," मी म्हणालो.

"असू दे. तुम्ही प्रयत्न करताय, तेच खूप आहे."

शनिवारी ती नेहमीसारखी कामाला आली. दुसऱ्या संस्थेचा फोन दुपारी आला. जिना पुसता पुसता तिने तो घेतला, दोनदा "बरं" म्हणाली आणि पुन्हा जिना पुसायला लागली.

रविवारी विश्वस्त आले. ऑफिसात मॅडम, चष्मेवाली, बाईंचा मुलगा, सावकाश आणि मी. मी सगळं क्रमाने मांडलं. बधिर दंड. उजव्याच हाताची कापलेली नखं, तीही खुणा दिसायच्या आधी. आरोपी बाईकडे सोपवलेली दहा माणसं. आणि चौकशीत पत्र अडतं हा नियम, ज्याचा कागद फक्त मॅडमच्या खणात असतो, म्हणजे बाईंना तो त्यांच्याच तोंडून कळला असणार. मुलाने तोंड झाकून घेतलं. विश्वस्त मान डोलवत राहिले, एखादं व्याख्यान ऐकावं तसे.

"मी बाईंना नियम सांगितला," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नियम सांगणं गुन्हा आहे का?"

विश्वस्तांनी खूप विचार केला. आरोप मागे घेतला, सावकाशची माफी मागितली, पत्र तिथल्या तिथे सही करून दिलं. मॅडमना काही केलं नाही. मॅडम गेल्या तर ही इमारत चालवणार कोण, असं ते मला नंतर खासगीत म्हणाले.

सावकाशने पत्राची घडी घातली. ऑफिसाबाहेर ती माझी खुर्ची ढकलू लागली.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी जुळलं सगळं."

"नखांचं मला बुधवारी विचारलंत. चष्मेवालीला बुधवारी विचारलंत. बाईंचं मनगट भाजलं तेही बुधवारी. मलम लावायला मला नाही, चष्मेवालीला बोलावलं होतं, तिने सांगितलं. त्यानंतर चार दिवस तुम्ही कुणाला काही विचारलं नाहीत." ती थांबली. खुर्चीही थांबली. "शोधत असलेला माणूस गप्प बसत नाही."

मी चाकांकडे बघू लागलो.

"बाईंनी भीतीपोटी केलं," ती म्हणाली. "तुम्हाला तर सगळं समजत होतं."

८

तिकडची जागा भरली गेली होती. दुसरी मिळाली नाही. एकदा चौकशी झालेल्या बाईचं नाव त्या धंद्यात फिरतं, चौकशी खोटी ठरली तरी. ती आमच्याकडेच राहिली.

मला वाटलं, ती आता हात राखून उचलेल, किंवा एखाद्या दिवशी उशिरा येईल. मी तिच्या रागाचा पुरावा शोधत होतो. चार महिने शोधला. पाणी कधी थंड नव्हतं, चादरीला कधी सुरकुती नव्हती. बाईंच्या खोलीतही ती पूर्वीसारखीच जायची, त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. माझ्याशी मात्र कामापुरतंच: हात वर करा, मान वळवा, झालं.

पाचव्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, मला पलंगावरून खुर्चीत घेताना तिच्या कमरेतून आवाज आला. मी तो ऐकला. तिने मला सोडलं नाही. दात आवळून मला खुर्चीत नीट बसवलं, पट्टा लावला, आणि मग जमिनीवर पडली. तिला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा पाय हलत नव्हते.

तासाभराने मॅडम एक छापील कागद घेऊन आल्या. घटनेच्या वेळी खोलीत तिच्याशिवाय मी एकटाच होतो, म्हणून जबाब माझा. मजकूर आधीच लिहिला होता: सेविकेने मदतीला दुसऱ्या कुणाला न बोलावता, नियम मोडून रहिवाशाला एकटीने उचललं. खाली माझ्या सहीची जागा.

"यावर तिच्या उपचाराची जबाबदारी कुणाची ते ठरतं," मी म्हणालो. "असले कागद मी पस्तीस वर्षं वाचलेत."

"म्हणूनच तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "सही करा, काका. चष्मेवालीला मी खास तुमच्यासाठी तळमजल्यावर ठेवलंय."

मी पेन घेतलं. छापील मजकुरावर आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागलो. एका सेविकेकडे अकरा माणसं. बोलावायला दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांचा इशारा मॅडमना ठाऊक होता. शनिवारी तिला दुसरीकडे हजर व्हायचं होतं आणि सत्य मला बुधवारी कळलं होतं. ते मी रविवारपर्यंत दाबून ठेवलं, कारण मला उचलायला कुणीतरी हवं होतं. खाली सही केली, तारीख घातली. फोनवर फोटो काढून एक प्रत तिच्या भावाला पाठवली; अडीअडचणीला म्हणून त्याचा नंबर तिने मला पूर्वीच देऊन ठेवला होता.

मॅडमनी कागद उभ्यानेच वाचला, घडी घालून खिशात ठेवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"मला पलंगावर घ्यायची वेळ झाली," मी म्हणालो. "खाली ओलं झालंय."

"हो का," त्या म्हणाल्या. "बघते, कुणी मोकळं आहे का."

त्या गेल्या. मी बेल दाबली. अकराला दाबली, साडेअकराला दाबली. पलीकडच्या खोलीतून मास्तरीणबाई कुणाला तरी हाका मारत होत्या, पहिल्यांदा नावाने. जेवणाची ताटं आली, पलंगापलीकडे, माझी खुर्ची शिरत नाही अशा टेबलावर ठेवली गेली आणि परत गेली. ऊन खिडकीतून आत आलं, भिंतीवर चढलं.

कुणी मोकळं नव्हतं.